मृतांची बाजू : विनोद मेहता, दोन चरित्रे आणि एक मथळा

१/
१९८९ च्या ऑक्टोबरमधील गोष्ट. मुंबईत नुकत्याच सुरू झालेल्या ‘द इंडिपेन्डन्ट’ या इंग्रजी दैनिकाने एक खळबळजनक वृत्त छापले. १९७१ च्या युद्धकाळात इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातून अमेरिकेच्या गुप्तचरांना माहिती पुरविणारी व्यक्ती मोरारजी देसाई नसून यशवंतराव चव्हाण होती, असा त्या वृत्ताचा आशय होता. यशवंतरावांचे निधन होऊन तेव्हा पाच वर्षे होत आली होती.

२/
महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. सूत्रे हाती घेऊन पुरता महिनाही झाला नव्हता, तोच दैनिकाच्या संपादकाला पद सोडावे लागले. हे संपादक म्हणजे विनोद मेहता. पत्रकार म्हणून ते वादग्रस्त होतेच. पण ते चरित्रकारही होते. एका दिवंगत अभिनेत्रीचे आणि सत्ताधारी घराण्यातील एका तरुणाचे चरित्र त्यांनी लिहिले होते. माणसाविषयीची साक्ष कशी तोलावी, हे ज्याला ठाऊक होते, त्याच्याच हातून हे घडले. ते कसे घडले, हे समजून घेण्यासाठी त्यांची सारी कारकीर्द पाहावी लागते.

३/
मुंबईतील एका इंग्रजी दैनिकाच्या मथळ्याचा सिंदेवाहीसारख्या गावाशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. संबंध दोन आहेत. पहिला यशवंतरावांमुळे. २८ सप्टेंबर १९५३ च्या ज्या नागपूर कराराचे नाव विदर्भात आजही निघते, त्यावर त्यांची सही आहे. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध चालू असताना ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले ते चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार.

४/
दुसरा संबंध मेहतांमुळे. दंडकारण्यातील माओवाद्यांसमवेत फिरून अरुंधती रॉय यांनी लिहिलेला दीर्घ लेख २०१० मध्ये ज्या साप्ताहिकाने छापला, त्याचे संपादक मेहताच होते. गडचिरोली हा त्याच अरण्याचा पश्चिम भाग. म्हणजे या माणसाच्या संपादकीय निर्णयांची सावली झाडीपट्टीपर्यंत पोहोचलेली आहे. त्या लेखाकडे शेवटी येऊ. आधी माणसाकडे.

५/
विनोद मेहता यांचा जन्म ३१ मे १९४२ रोजी रावळपिंडीत झाला. वडील लष्करात. फाळणीनंतर कुटुंब लखनौला स्थिरावले आणि मुलाचे शिक्षण तेथील ला मार्टिनियर शाळेत झाले. पदवी मिळाली तीही तिसऱ्या वर्गात. ही गोष्ट पुढे ते स्वतःच चवीने सांगत. त्यानंतर ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी किरकोळ नोकऱ्या केल्या आणि वृत्तपत्रे मन लावून वाचली. पत्रकारितेचे रीतसर शिक्षण असे त्यांनी कधी घेतलेच नाही.

६/
मायदेशी परतल्यावर ते मुंबईत आले आणि जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याचे काम करू लागले. १९७१ मध्ये त्यांनी मुंबई शहरावर एक छोटेखानी पुस्तक काढले. त्यात शहराचा गौरव कमी आणि टवाळी अधिक होती. पण एवढ्यावरून लेखक म्हणून ओळख होते असे नाही. ती ओळख पुढच्या वर्षी, एका मृत्यूनंतर झाली.

७/
४ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘पाकीझा’ प्रदर्शित झाला. मुंबईत तो मराठा मंदिरात लागला. पन्नाशीच्या दशकात कमाल अमरोहींनी आरंभिलेला हा चित्रपट पुरा व्हायला दीड दशक लागले होते. त्या अवधीत नायिका आणि दिग्दर्शक यांचा संसार मोडला होता. प्रदर्शनानंतर दोन महिनेही झाले नाहीत, तोच ३१ मार्च रोजी मीनाकुमारी यकृताच्या विकाराने गेल्या. वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती.

८/
मृत्यूने चित्रपटाचे नशीब पालटले. चित्रगृहांपुढे रांगा लागल्या. प्रकाशकांनाही संधी दिसली. ‘जयको’ या मुंबईच्या प्रकाशनसंस्थेने मेहतांकडून मीनाकुमारीचे चरित्र लिहवून घेतले आणि १९७२ सरण्यापूर्वीच ते बाजारात आले. लोकांच्या हळहळीवर घाईने काढलेले पुस्तक, असेच त्याचे मूळ स्वरूप होते. नवल हे की ते तेवढेच राहिले नाही. चाळीस वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याची नवी आवृत्ती निघाली आणि ती वाचली गेली.

९/
ते पुस्तक का टिकले? पहिले कारण असे की लेखकाने आपली अडचण लपविली नाही. मीनाकुमारीला ते कधी भेटलेले नव्हते. जी स्त्री पाहिली नाही, जिच्याशी एक शब्द बोललो नाही, तिच्याविषयी आपण लिहीत आहोत, ही जाणीव ते वाचकाला सतत देत राहतात. त्यामुळे पुस्तकातील प्रत्येक विधानाच्या मागे ते विधान सांगणारा माणूस उभा दिसतो.

१०/
दुसरे कारण असे की साक्षीदार एकमेकांना खोडून काढत होते. अली बक्ष आणि इक्बाल बेगम यांची ही मुलगी. मूळ नाव महजबीन. लहानपणापासून कॅमेऱ्यापुढे राबलेली. १९५२ मध्ये अमरोहींशी गुपचूप विवाह, १९६४ मध्ये घर सोडणे, मग दारू. तिच्या बाजूची माणसे पतीला दोष देत. पतीची बाजू वेगळी होती. मेहतांनी दोन्ही ऐकल्या. अमरोहींशीही ते बोलले. विवाहाच्या खोलीत तिसरा माणूस नसतो, हे ओळखून त्यांनी न्यायाधीशाची खुर्ची बव्हंशी रिकामी ठेवली.

११/
येथे मराठी वाचकाला आपल्या चरित्रपरंपरेची आठवण यावी. ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर यांनी टिळकांचे तीन खंडांतील चरित्र लिहिले. मुंबई महापालिकेत नोकरी करता करता धनंजय कीर यांनी सावरकर, आंबेडकर, फुले यांची चरित्रे सिद्ध केली. या परंपरेत चरित्रकार हा बहुधा नायकाचा सहकारी, अनुयायी वा उपासक असतो. कागदपत्रांची मेहनत मोठी. पण मूर्तीपुढे चपला काढूनच प्रवेश.

१२/
मेहतांची रीत निराळी होती. ते नायिकेवर लुब्ध झाले, तरी तिच्या व्यसनाकडे, तिच्या आप्पलपोट्या गोतावळ्याकडे आणि तिच्या स्वतःच्या असत्यांकडेही त्यांनी पाहिले. ‘नाज़’ या नावाने ती शायरी करी. त्या शायरीलाही त्यांनी सरसकट थोर म्हटले नाही. भक्ती आणि निंदा यांच्या मधली ही वाट इंग्रजी पत्रकारितेत रुळलेली होती. भारतीय चित्रपटतारकांविषयीच्या लेखनात मात्र ती नवी होती.

१३/
१९७४ मध्ये मेहता ‘डेबोनेर’ या मासिकाचे संपादक झाले. मधल्या पानांवर विवस्त्र स्त्रियांची छायाचित्रे छापणारे हे मासिक. तेथेच मेहतांनी गंभीर मुलाखती, कथा आणि कविता छापायला आरंभ केला. अटलबिहारी वाजपेयींनी आपल्याला हे मासिक आवडते, पण ते उशीखाली दडवावे लागते असे सांगितल्याचा किस्सा मेहता रंगवून सांगत. छायाचित्रांमुळे अंक खपे आणि मजकुरामुळे संपादकाचे नाव होई.

१४/
मग आणीबाणी आली. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. ते उठताच पुस्तकांचा पूर आला. कुलदीप नय्यर यांचे ‘द जजमेंट’, जनार्दन ठाकूर यांचे ‘ऑल द प्राइम मिनिस्टर्स मेन’ ही पुस्तके १९७७ मध्येच आली आणि भरघोस खपली. एकवीस महिने दाबलेला संताप वाचकांपाशी होता आणि त्या संतापाला एक चेहरा हवा होता. तो चेहरा संजय गांधींचा.

१५/
१९७८ मध्ये मेहतांचे ‘द संजय स्टोरी’ आले. आनंद भवनापासून अमेठीपर्यंतचा प्रवास असे त्याचे उपशीर्षक होते. इंग्लंडमधील रोल्स रॉइसच्या कारखान्यातील उमेदवारी, १९७१ मध्ये स्थापन झालेली मारुती कंपनी आणि तिची न धावलेली मोटार, तुर्कमान गेट येथील पाडापाडी, सक्तीची नसबंदी, १९७७ मधील अमेठीचा पराभव. सारे टप्पे त्यात होते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

१६/
या विषयावर शांत राहणे सोपे नव्हते. शाह आयोगापुढे साक्षी चालू होत्या, संजय गांधींवर खटले होते आणि त्यांच्याविषयी काहीही लिहिले तरी खपेल असे दिवस होते. अशा वेळी मेहतांनी ऐकीव गोष्टी आणि पडताळलेल्या गोष्टी निरनिराळ्या ठेवण्याची खटपट केली. हा राक्षस कोठून आला, असे न विचारता, हा मुलगा असा कसा झाला आणि त्याला मोकळीक कोणी दिली, असे त्यांनी विचारले. दोष एका माणसावर ढकलून बाकीच्यांना सुटू न देणारा हा प्रश्न होता.

१७/
दोन वर्षांत इतिहास उलटा फिरला. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्या आणि २३ जून १९८० रोजी सफदरजंग येथे विमान कोसळून संजय गांधी गेले. १९७७ ची अनेक पुस्तके त्यांच्या क्षणाबरोबर विरली. मेहतांचे पुस्तक २०१२ मध्ये परत छापले गेले. चरित्रनायक पडलेला असताना लिहिलेले पुस्तक तो उठल्यावरही आणि गेल्यावरही वाचता आले, ही चरित्रकाराची खरी परीक्षा होय. मेहता त्या परीक्षेत उतरले.

१८/
पुढील दशक संपादनाचे. १९८१ मध्ये ‘संडे ऑब्झर्व्हर’ हे केवळ रविवारी निघणारे वृत्तपत्र त्यांनी मुंबईत सुरू केले. १९८७ मध्ये विजयपत सिंघानिया यांच्या मालकीचे ‘इंडियन पोस्ट’ आले. मालकांशी खटके उडाले आणि तेही सुटले. नवे पत्र उभारायचे, गाजवायचे आणि भांडून बाहेर पडायचे, असा त्यांचा लौकिक झाला. १९८९ मध्ये ‘टाइम्स’ समूहाने ‘द इंडिपेन्डन्ट’ काढले आणि संपादकपद मेहतांना दिले.

१९/
आता अमेरिकेतील एका खटल्याकडे वळले पाहिजे. कारण मथळ्याचे मूळ तेथे आहे. सीमोर हर्श या नामवंत शोधपत्रकाराने १९८३ मध्ये हेन्री किसिंजर यांच्यावरील पुस्तकात लिहिले, की मोरारजी देसाई हे अमेरिकी गुप्तचर संस्थेचे पगारी खबरे होते आणि त्यांना वर्षाला २० हजार डॉलर मिळत. सत्त्याऐंशी वर्षांच्या मोरारजींनी शिकागोत पाच कोटी डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला.

२०/
१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये तो निकालात निघाला. किसिंजर यांनी साक्षीत हर्श यांच्या विधानाला दुजोरा दिला नाही. तरीही ज्यूरीचा कौल हर्श यांच्या बाजूने गेला. याचे कारण अमेरिकी कायद्यात आहे. १९६४ च्या सलिव्हन खटल्यापासून तेथे सार्वजनिक व्यक्तीला केवळ मजकूर खोटा आहे एवढे दाखवून भागत नाही. लेखकाने तो खोटा आहे हे जाणून, वा सत्यासत्याची पर्वा न करता लिहिला, हेही सिद्ध करावे लागते. हर्श जिंकले म्हणजे आरोप खरा ठरला, असे नव्हे.

२१/
पण भारतात प्रश्न उरलाच. १९६९ मध्ये अर्थखाते काढून घेतल्यावर मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशाचे युद्ध झाले, अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले, त्या वेळी ते सत्तेत नव्हते. मग मंत्रिमंडळातील गोष्टी बाहेर कोणी दिल्या? त्या मंत्रिमंडळात जगजीवनराम संरक्षणमंत्री, स्वर्णसिंग परराष्ट्रमंत्री आणि यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री होते. तर्काला मोकळे रान मिळाले.

२२/
‘द इंडिपेन्डन्ट’ने भारतीय गुप्तचर यंत्रणेच्या कागदाचा हवाला देऊन यशवंतरावांचे नाव घेतले. येथेच चरित्रकार मेहता आणि संपादक मेहता यांची फारकत झाली. चरित्रकार साक्षीदाराला नावगाव विचारी. येथे साक्षीदार निनावी होता. चरित्रकार दोन्ही बाजू ऐकून घेई. येथे एक बाजू कायमची गप्प झाली होती. चरित्रात ‘असे म्हणतात’ हे शब्द वाचकाला सावध करतात. दैनिकाच्या मथळ्यात ते वाचकाच्या नजरेतून निसटतात.

२३/
यशवंतरावांची बाजू कोण मांडणार होते? पत्नी वेणूताई १९८३ मध्येच निवर्तल्या होत्या. अपत्य नव्हते. त्यांचे ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र १९४६ पर्यंत येऊन थांबते. पुढील खंड लिहून झालेच नाहीत. म्हणजे ज्या दिल्लीतील वर्षांविषयी आरोप झाला, त्या वर्षांचा त्यांच्या हातचा सलग वृत्तान्त वाचकांपुढे नव्हता. ज्याने आपली गोष्ट अर्धी सांगितली, त्याची उरलेली गोष्ट एका कागदाने सांगून टाकली.

२४/
कायद्याचा आधारही तोकडा होता. अब्रुनुकसानीचा दिवाणी हक्क माणसाबरोबर संपतो. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार मृताची बदनामी हा गुन्हा होऊ शकत असे. पण त्यासाठी कुटुंबीयांच्या वा निकटच्या आप्तांच्या भावना दुखावण्याचा हेतू दाखवावा लागे. त्यामुळे त्या कागदाची न्यायालयात उलटतपासणी होणे अवघड होते. निवाडा झाला तो जनक्षोभाने; आणि जनक्षोभ संपादकाला घालवू शकतो, सत्य ठरवू शकत नाही.

२५/
मराठी पत्रकारितेला असा प्रसंग अनोळखी नव्हता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते, तोच कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे त्यांत छापली गेली. बर्व्यांनी फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी काढलेले १०१ दिवस आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवले आहेत.

२६/
दोन्ही प्रसंगांत संपादकांचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. राजावर अन्याय होत आहे, या कळकळीने टिळक-आगरकरांनी पत्रे छापली. वाचकांना सत्य कळावे, असे मेहतांना वाटत असणार. फरक एवढाच की बर्वे जिवंत होते. त्यांनी कागद न्यायालयात आणावयास लावला आणि तो टिकला नाही. यशवंतरावांवरील आरोपाचे तसे झाले नाही. तो आजतागायत सिद्ध झालेला नाही आणि कोणत्याही न्यायासनापुढे नीट तपासलाही गेलेला नाही.

२७/
अशा आरोपाची हानी वेगळ्या प्रकारची असते. सिद्ध झालेला दोष इतिहासात नोंदला जातो, खोडला गेलेला विसरला जातो. जो सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही, तो कुजबुजत राहतो. राजकारणात सोयीचा प्रसंग आला की कोणीतरी तो उकरून काढतो. नागपूर करारातील आश्वासनांवरून यशवंतरावांना जाब विचारणारा विदर्भातील माणूस पुराव्यानिशी बोलत असतो. करार छापलेला आहे, सही समोर आहे. हेरगिरीच्या आरोपाला तसे अधिष्ठान नाही. टीका आणि कुजबुज यांतील अंतर ते हेच.

२८/
मेहता संपले नाहीत. ज्या ‘पायोनियर’मध्ये एके काळी रुडयार्ड किपलिंग यांनी काम केले होते, त्याची दिल्ली आवृत्ती त्यांनी नावारूपास आणली. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘आउटलुक’ साप्ताहिक सुरू झाले आणि तेथे ते दीर्घकाळ टिकले. १९९७ मध्ये क्रिकेटमधील निकालनिश्चितीचे प्रकरण याच साप्ताहिकाने बाहेर काढले. २००१ मध्ये पंतप्रधान कार्यालयाविषयी वृत्तान्त छापल्यानंतर साप्ताहिकाच्या मालकांवर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले.

२९/
‘आउटलुक’चा पत्रव्यवहार हे सदर विशेष होते. संपादकाला मूर्ख, पक्षपाती, विकला गेलेला म्हणणारी वाचकांची पत्रे मेहता आवर्जून छापत. आपल्या कुत्र्याचे नाव त्यांनी ‘एडिटर’ ठेवले होते, तेही याच वृत्तीतून. ज्याच्यावर लिहिले त्याला, आणि ज्याने वाचले त्याला, उत्तर देण्यास जागा असली पाहिजे, हे तत्त्व त्यांच्या या काळातील कामात ठळक दिसते. २०११ मध्ये आलेल्या ‘लखनौ बॉय’ या आत्मचरित्रातही त्यांनी चव्हाण प्रकरण टाळले नाही आणि खासगी आयुष्यातील उणिवाही झाकल्या नाहीत.

३०/
मार्च २०१० मध्ये त्यांनी अरुंधती रॉय यांचा दंडकारण्यावरील लेख छापला. त्याच्या काही महिने आधी, ८ ऑक्टोबर २००९ रोजी, भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले होते. लेखानंतर, ६ एप्रिल २०१० रोजी, दंतेवाडा जिल्ह्यात ७६ जवान गेले. माओवाद्यांच्या छावणीतून आलेली ही साक्ष एकांगी आहे, असे अनेकांनी म्हटले. पण ती नाव घालून दिलेली साक्ष होती. लेखिका जिवंत होती, जबाब देत होती आणि विरोधकांची उत्तरेही छापली जात होती. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलेल्या गोंड-माडियांची बाजू त्यातून पुरी आली का, हा प्रश्न वाचक विचारू शकत होते. त्यांनी तो विचारलाही.

३१/
८ मार्च २०१५ रोजी दिल्लीत मेहतांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीतील दोन चरित्रे आणि एक मथळा शेजारी ठेवून पाहिले, तर असे दिसते की धाडस तिन्ही ठिकाणी सारखेच होते. मीनाकुमारीच्या वेळी ते साक्षी जुळवत बसले, संजय गांधींच्या वेळी त्यांनी संतापाच्या बाजारात थोडे थांबून पाहिले. १९८९ मध्ये थांबणे झाले नाही. नव्या दैनिकाला गाजण्याची घाई होती, शिकागोचा निकाल ताजा होता आणि ज्याचे नाव घ्यायचे तो माणूस प्रीतिसंगमावर विसावला होता.

३२/
पुढे मेहतांनी आपल्याविरुद्धचे प्रत्येक कडू पत्र छापले. पण ते पत्र लिहिणारा जिवंत असावा लागतो. मृतांकडून पत्र येत नाही. म्हणून त्यांची बाजू लिहिणाऱ्यालाच आधी शोधावी लागते, आणि ती सापडेपर्यंत मथळा अडवून धरावा लागतो. भ्रमणध्वनीवर रोज एखाद्या दिवंगत नेत्याविषयी एखादा ‘गुप्त कागद’ येऊन पडतो, त्या काळात हे काम संपादकाकडून वाचकाकडे आले आहे. तो कागद सिंदेवाहीत उघडला जावो की मुंबईत, पुढे पाठविण्याआधी विचारायचा प्रश्न एकच आहे : हे कोण सांगतो, आणि ज्याच्याविषयी सांगतो त्याचे म्हणणे कोठे आहे?